युस्रच्या खोलीचं शटर

आमच्या युस्रला ऊन चालत नाही. तुम्हाआम्हाला ऊन लागतं, डोक्यात चढतं, सावलीत बसलं की उतरतं, तसलं हे नव्हे. उन्हाने झालेली इजा तिच्या कातडीला भरून काढताच येत नाही, जन्मापासून. ती तान्ही असताना माझी धाकटी बहीण नझीहा तिला मांडीवर घेऊन अंगणात मटार सोलत बसली होती. दोन दिवसांनी पोरीचं तोंड चुलीत भाजल्यासारखं सुजलं. डॉक्टर म्हणाले, "अशा मुलांना आम्ही चंद्राची मुलं म्हणतो." नझीहाने तिथल्या तिथे सुनावलं, "चंद्राची कशाला? माझी आहे."

तेव्हापासून महदिया शहरातल्या आमच्या घरात दिवसा खिडकीचं शटर वर गेलं नाही. मी वरच्या मजल्यावर राहते. नवरा गेल्यापासून शिवणकाम करते. युस्रच्या बाहेर जायच्या टोप्या, हातमोजे, मानेपर्यंतचे झगे, सगळं माझ्या हातचं. खालच्या मजल्यावर नझीहा, तिचा नवरा मोंजी आणि युस्र. काचांना अतिनील किरण अडवणारा पडदा चिकटवलेला, त्यावर शटर, आणि शटर वरखाली करायच्या पट्ट्यांना छोटी पितळी कुलपं. किल्ल्या नझीहाच्या गळ्यात.

युस्र लहान होती तोवर त्या किल्ल्यांचं कुणाला काही वाटलं नाही. पण पोरगी सोळा वर्षांची झाली. तेव्हा ती आईच्या गळ्याकडे बघायची ती नजर मला आवडायची नाही.

त्या वर्षी शटरं ओढून ओढून नझीहाचा खांदा निकामी झाला. घरभर खिडक्या, रोज दोनदा वर-खाली. डॉक्टरांनी हात वर करायलाच बंदी केली. मग विषय निघाला मोटारीवरच्या शटरांचा, आणि घरात दोन तट पडले.

आमचा भाऊ झुहैर परदेशात, लियोंला असतो. त्याने फोनवरच फर्मान काढलं. "मी पाठवतो. इकडे सगळ्यांच्या घरात आहे. मोटार, दिवे, थंड हवेचं यंत्र, दारावरचा कॅमेरा, सगळं एका फोनवर. सूर्य कधी मावळतो तेसुद्धा त्यालाच कळतं. तुम्ही नुसतं बसा."

दुसरीकडे होता इस्कंदर. सूसहून शिकून आलेला, बाजारपेठेत दुकान टाकलेला, स्वतःवर बेहद्द खूश असा तरुण. तो घरभर फिरला, भिंतींवर टकटक केली आणि म्हणाला, "भिंतीतून तारा टाकतो. बोळात एक पेटी बसवतो. गच्चीवर उजेड मोजणारा डोळा. इंटरनेट असो नसो, घराचा कारभार घरातच. तुमच्या भावाचं यंत्र बटण दाबलं की आधी परदेशात विचारून येणार, शटर बंद करू का म्हणून. शेजारणीला हाक मारायला कुणी पॅरिसला फोन करतं का?"

युस्रला मामाचं हवं होतं. स्वतःच्या खोलीचं शटर स्वतःच्या फोनवर, ही तिच्या लेखी चैन होती. गंमत म्हणजे नझीहालाही तेच हवं होतं. कारण ते तिच्याही फोनवर दिसणार होतं.

मोंजी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. भांडण आलं की त्यावर बर्फ टाकायचा, हा त्याचा घरातलाही धंदा. तो म्हणाला, "युस्रच्या खोलीत झुहैरचं लावू. बैठकीत इस्कंदरचं. बाकीच्या खिडक्या आहेत तशा. उन्हाळाभर बघू. जे खरं उतरेल ते घरभर."

"आणि जे खरं उतरणार नाही?" मी विचारलं.

"ते इस्कंदर लग्नात आहेर म्हणून नेईल," मोंजी म्हणाला. युस्र हसली. नझीहा हसली नाही.

दोन्ही बसली. पहिले काही आठवडे युस्र नुसती हरखून गेली होती. मगरिबची बांग झाली, अंधारू लागलं की तिचं शटर सुळसुळत वर जायचं. ती खिडकीत बसून समोरच्या गल्लीतल्या पोरांना नावं ठेवायची. बैठकीतलं इस्कंदरचं शटर त्यामानाने मठ्ठ. भिंतीवरची कळ दाबा, वर जाईल. दाबा, खाली येईल. "याला बोलता येत नाही," युस्र म्हणायची. "आमच्या गणिताच्या सरांसारखं आहे."

मग एका संध्याकाळी ते घडलं.

सूर्य शेजाऱ्याच्या भिंतीआड गेला होता, पण मावळला नव्हता. युस्रने टोपी घातली, हातमोजे घातले आणि शटर अर्धं वर घेतलं. गल्लीत कुणाची तरी वरात जमत होती, ढोल वाजत होता. ती वाकून बघत होती. नझीहा त्या वेळी पावाच्या दुकानात रांगेत उभी. तिचा फोन वाजला, शटर वर गेल्याची खबर. तिने बघितलं आणि तिथूनच बटण दाबलं. शटर खाली आलं ते थेट युस्रच्या मनगटावर. त्याला अडथळा कळतो, ते थांबलं, पण पोरीची किंकाळी मी वर ऐकली.

नझीहा पाव घेऊन घरात शिरली तेव्हा युस्र बोळात उभी होती.

"तू मला बाजारातून बंद केलंस," ती म्हणाली.

"सूर्य होता."

"माझ्या अंगावर सगळं होतं! किरण मोजायचं मीटर लावून बघितलं होतं मी. शून्य होतं, आई. शून्य."

"मीटर चुकलं असतं तर?"

"आणि माझा हात तुटला असता तर?"

"हात जोडता येतो," नझीहा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे ती पाव कापायची सुरी हातात धरून कितीतरी वेळ नुसती उभी होती. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "ताई, मला तिचा चेहरा दिसतो, तान्ही होती तेव्हाचा. मी काय करू?"

त्यानंतर दोघी एकमेकींशी फक्त कामापुरत्या बोलायच्या. मीठ दे. दार लाव. गोळी घेतलीस का. आणि रात्री जेवताना दोघींचे फोन ताटाशेजारी पालथे.

जुलैत शहीली सुटला. वाळवंटावरून येणारा तो वारा अंगाला लागला की वाटतं कुणीतरी भट्टीचं दार उघडं ठेवलंय. त्याच आठवड्यात मोंजीच्या पुतणीचा निकाह सूसला, भर दिवसा. जवळचं नातं, जायलाच हवं. नझीहाने मला दहा सूचना दिल्या. अकरावी द्यायला मोटारीतून उतरून परत आली.

"फोन जवळ ठेव."

"ठेवते गं बाई. जा. नवरी पळून जाईल तुझी वाट बघून."

जेवणं झाली आणि वीज गेली. नुसती आमची नव्हे, सबंध वस्तीची. थंड हवेचं यंत्र थांबलं. थोड्याच वेळात भिंतींतून उष्णता झरू लागली. अशा वेळी काय करायचं हे आमच्या घरात वर्षानुवर्षं ठरलेलं. शटर खाली आहे ना, मग काच सरकवायची. कडांमधून बोटभर वारा आत येतो. नझीहाच तसं करायची. युस्रने आपल्या खोलीची काच सरकवली, कानात गाणी घातली आणि बिनबाह्यांचा सुती झगा घालून पलंगावर पडली. तिचा पलंग खिडकीलगत. पश्चिमेची खिडकी.

मी तिला कलिंगड नेऊन दिलं. म्हणाली, "मावशी, मी आज वितळणार. मोंजी हिशेबनीसाला सांग, मुलगी बर्फासारखी गेली."

"गप पड," म्हटलं आणि ताट घेऊन आले.

बऱ्याच वेळाने बाहेर एकच गलका झाला. वीज आली की गल्लीतली पोरं ओरडतात, तसा. बैठकीतलं शटर जागच्या जागी होतं. मी ते बघितलं आणि निश्चिंत होऊन गच्चीवर गेले. विजेबरोबर पाणीही येतं. टाकीचा पंप सुरू केला नाही तर रात्री घसा ओला करायला थेंब राहत नाही. पंपाने हवा धरली होती. त्याच्याशी झटापट करण्यात वेळ गेला. मग जिना उतरले, बोळात आले.

युस्रच्या दाराखाली उजेड होता.

आमच्या घरात दाराखाली दिवसा उजेड दिसणं म्हणजे काय, हे कसं सांगू? पिवळाधमक, सुरीच्या पात्यासारखा सरळ. मग मी दार ढकललं.

शटर सगळं वर गेलेलं. काच उघडी. आणि तिसऱ्या प्रहराचं ऊन थेट पलंगावर. त्यात माझी भाची कुशीवर झोपलेली, एक दंड उघडा, अर्धा गाल उघडा, कानात ती गाणी. चेहऱ्यावर झोपेतलं काहीतरी गोड.

मी ओरडले की नाही ठाऊक नाही. तिच्या अंगावर पडले. डोक्यावरची ओढणी तिच्या तोंडावर टाकली आणि तिला तशीच ओढत पलंगावरून खाली आणली. ती जागी झाली, धडपडली, डोळे उघडले आणि मिटून घेतले. "दिवा बंद कर," म्हणाली. तिला तो दिवा वाटला. तिने ऊन असं कधी बघितलंच नव्हतं.

"दिवा नव्हे! चल, बाहेर चल!"

बोळातून मी तिला थेट न्हाणीघरात नेलं. तिथे खिडकी नाही. तिला फरशीवर बसवलं आणि धावत परत खोलीत गेले. भिंतीवरची कळ दाबली. शटर हलेना. त्यावरचा बारीक दिवा लुकलुकत होता, जसा काही ते स्वतःच्याच विचारात गढलेलं. युस्रचा फोन उचलला. तिने न्हाणीघरातून ओरडून तो उघडायचे आकडे सांगितले. पडद्यावर एक चाक गोल गोल फिरत राहिलं आणि मग अक्षरं आली, उपकरण सापडत नाही. उपकरण माझ्या डोळ्यांसमोर होतं! शेवटी काच ओढून घेतली, पलंगावरची गोधडी खिडकीच्या दांडीला अडकवली आणि दार लावून घेतलं.

न्हाणीघरात युस्र अंधारात बसून नळाखाली हात धरून होती.

"मावशी, किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"किती वेळ ऊन होतं माझ्यावर?"

"मला माहीत नाही, बाळा."

"वीज कधी आली?"

"मी पंपाशी होते."

पाणी वाहत राहिलं. मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "उबदार होतं. मला स्वप्नात वाटलं कुणीतरी पांघरूण घातलं. ते नेहमी असंच असतं का?"

मी तिचं डोकं छातीशी धरलं.

फोन लागायला उशीर झाला. सगळ्या वस्तीने एकदमच फोन उचलले असणार. नझीहाला सांगितलं तेव्हा पलीकडे झगरीत चालू होत्या, बायका आनंदाने जिभा वाजवत होत्या. त्या आवाजात ती एवढंच म्हणाली, "निघाले."

ती आली. लग्नाचं रेशीम अंगावर, मोंजीच्या हातात मिठाईचा डबा. मला वाटलं होतं ती आकांत करेल. तिने काहीही केलं नाही. न्हाणीघरात गेली, मांडी घालून बसली, टॉर्च लावून लेकीचा दंड, गाल, पापण्या बघितल्या. अंगठ्याने दाबून बघितलं. काही नव्हतं. दंड थोडा गुलाबी, इतकंच.

"काही नाही झालं," मोंजी म्हणाला.

"आज दिसत नाही," नझीहा म्हणाली. "दोन दिवसांनी दिसतं."

डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं. थंड पट्ट्या, मलम, डोळ्यांत थेंब, आणि वाट बघा.

ती वाट बघणं मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तरी दर तासाला नझीहा टॉर्च घेऊन यायची आणि युस्र न सांगता दंड पुढे करायची. दोघी बोलत नव्हत्या. मोंजी दारात उभा राहून विनोद करायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. लियोंहून झुहैरचे फोनवर फोन. नझीहा उचलत नव्हती. मी उचलला तर म्हणाला, "ताई, मी कंपनीच्या लोकांना विचारलं. वीज जाऊन आली की मोटारीला आपण कुठे आहोत ते आठवत नाही. म्हणून ती एकदा वरपर्यंत जाऊन टोक शोधते. मग पुन्हा खाली येते, पण त्यासाठी इंटरनेटवरून हुकूम लागतो. इंटरनेट नव्हतं, हुकूम आला नाही."

"म्हणजे मोडलेलं नव्हतं?"

"नाही. ते तसंच आहे."

हे ऐकून मला अधिकच घाबरायला झालं. मोडलेलं दुरुस्त तरी करता येतं.

तिसऱ्या सकाळी युस्रचा दंड फोडांनी भरला होता. गाल टरारलेला, डावा डोळा सुजून मिटलेला. नझीहाने पट्ट्या बांधल्या. पट्टी बांधून झाली तेव्हा ती स्वतःच्या खोलीत गेली, दार लावलं, आणि मग आम्ही तो आवाज ऐकला. बाळंतपणातही ती अशी ओरडली नव्हती.

फोड बसायला कितीतरी आठवडे लागले. सूज उतरली तशी नझीहाने सुताराला बोलावलं. मोटारी काढायच्या, जुने पट्टे लावायचे, कुलपांसकट. सुतार शिडी घेऊन आला तर युस्र आपल्या दाराला पाठ लावून उभी.

"बाजूला हो," नझीहा म्हणाली.

"नाही."

"पट्टा तुटला तर शटर खाली पडतं. समजलं? तुटलं तरी बंदच होतं. तुमच्या एकाही यंत्राला एवढी अक्कल नाही."

"खरं आहे," युस्र म्हणाली. "पण कुलूप पट्ट्याला नसतं, आई. मला असतं."

"कुलपात जिवंत आहेस!"

"हो. आणि पुढे? बाबा म्हातारे होतील, तू म्हातारी होशील. मग किल्ल्या कुणाच्या गळ्यात घालणार? मावशीच्या?"

सुताराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

युस्रने दंडावरची पट्टी सोडली आणि हात आईपुढे धरला. "हे माझ्या हातावर आहे. तुझ्या नाही. तुझ्याहून जास्त मीच जपणार आहे. मला एक संध्याकाळ दे. दोन्ही यंत्रं मी तपासते. मनासारखं नाही निघालं तर पट्टे लाव, मी शिडी धरते."

नझीहा सुताराला म्हणाली, "चहा घे आणि जा. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर सगळे जमले. इस्कंदर येताना इस्त्रीचा सदरा घालून आला. झुहैर मामा फोनच्या पडद्यावर, फोन कपाटाला टेकवून ठेवलेला. मोंजी विजेच्या मुख्य खटक्यापाशी. नझीहा दाराजवळ हाताची घडी घालून.

"मी आधीच बोललो होतो," इस्कंदरने सुरुवात केली. "परदेशाच्या भरवशावर घर—"

"तुझी पाळी नंतर," युस्र म्हणाली. "बाबा, घालवा."

मोंजीने खटका पाडला. अंधार झाला. "आणा." दिवे लागले आणि खोलीतलं शटर आपणहून वर चढू लागलं, शांतपणे, नेटकेपणाने. शेवटपर्यंत. आम्ही सगळे ते बघत होतो. त्या दिवशी असंच चढलं असणार, आणि पोरगी झोपली होती. नझीहाने दाराची चौकट घट्ट धरली.

पडद्यावरचा झुहैर घसा खाकरून म्हणाला, "त्यात एक सेटिंग आहे. मी शोधलंय. थांब." त्याने लियोंहून काहीतरी दाबलं. पुन्हा खटका पाडला, पुन्हा उचलला. शटर जागचं हललं नाही. झुहैरला हायसं वाटलं. "बघ! आता कधीच होणार नाही!"

"मामा," युस्र म्हणाली, "तू हे तिथे बसून बदललंस ना?"

"हो, सोपं आहे."

"मग उद्या ती कंपनीही तिथे बसून परत बदलू शकते. मला न विचारता."

झुहैरने मान खाली घातली. भाऊ आहे माझा, मला त्याची दया आली. त्याने प्रेमानेच पाठवलं होतं. "माफ कर, युस्र," तो म्हणाला. तिने मान हलवली आणि बैठकीत गेली.

इस्कंदरच्या शटरवर मोंजीने खटका कितीदा पाडला असेल. शटर ढिम्म. इंटरनेटची तार काढली, तरी कळ चालली. इस्कंदर नव्या नवरदेवासारखा उभा. "तार ती तार," म्हणाला.

"आता अर्धं वर घे," युस्र म्हणाली. घेतलं. "बाबा, वीज घालवा."

अंधार. फक्त फोनच्या पडद्याचा उजेड, त्यात झुहैरचा चेहरा.

"आता बंद कर."

इस्कंदरने कळ दाबली. पुन्हा दाबली. "वीज नाही ना. आली की होईल."

"दुपार आहे असं धर. मी खोलीत आहे. शटर अर्धं वर अडकलंय. कर बंद."

तो बोळातल्या पेटीपाशी गेला. परत आला. शटरला खालून हात घालून ओढून बघितलं. हलेना. अंधारातून नझीहाचा आवाज आला, "पट्टा असता तर एका हाताने पडलं असतं."

"असं कुणी विचारतच नाही हो!" इस्कंदर वैतागला. "लोक विचारतात दिव्याला रंग किती, फोनवर गाणी लागतात का. उघडं असताना वीज गेली तर खोलीबाहेर जायचं, आणखी काय?"

"खोलीबाहेर कुठे? सगळ्याच खोल्यांत तुझी शटरं असतील," युस्र म्हणाली.

इस्कंदरचा चेहरा पडला. मोंजीने खटका उचलला. उजेडात तो पोरगा एकदम लहान दिसला. खाली बसला, शटरच्या डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाताने फिरवायच्या दांडीची मोटार मिळते. सफाक्सहून मागवावी लागेल. दांडी खोलीच्या आतच राहील, भिंतीला. वीज असो नसो, फिरवली की शटर खाली. मला आधी सुचायला हवं होतं."

"आणि पेटी बंद पडली तर?"

"कळ थेट मोटारीला जोडतो. पेटी वाटेत नको." तो स्वतःशीच बोलू लागला होता, कागद मागवला, आकृती काढू लागला. युस्र त्याच्या शेजारी फतकल मारून बसली आणि दोघं वाद घालू लागले. मला वाटलं, सुटलो.

पण खरी गाठ पुढेच होती.

"माझ्या खोलीची कळ माझ्याच खोलीत," युस्र म्हणाली. "कुणाच्याही फोनवर नाही. तुझ्याही नाही, आई."

नझीहा पुढे आली. "आणि मी? मला कसं कळणार?"

"तू दार वाजव."

मोंजीने काही बोलायला तोंड उघडलं, मी त्याला कोपर मारला. नझीहाने एकदा लेकीच्या गालाकडे बघितलं, जिथे नवी कातडी अजून गुलाबी चकाकत होती.

"माझी एक अट," ती शेवटी म्हणाली. "गच्चीवरचा तो डोळा. सूर्य आहे तोवर तुझ्या कळीने शटर वर जायचं नाही. मी अडवणार नाही. तो अडवेल."

युस्रने इस्कंदरकडे बघितलं. "होईल?"

"होईल. पण तारेनेच."

"चालेल," युस्र म्हणाली. "सूर्याशी माझं भांडण नाही."

नझीहाने फोन काढला, झुहैरचं ते यंत्र फोनमधून पुसून टाकायला. तिला ते जमेना. तिने फोन युस्रपुढे धरला. युस्रने पुसलं आणि फोन तिच्या तळहातावर ठेवला, आणि नझीहाने फोनऐवजी तो हातच धरून ठेवला.

सफाक्सहून मोटारी यायला वेळ लागला. तोवर जुने पट्टे होते, बिनकुलपाचे. शरद ऋतूत युस्रच्या दंडावर, फोड होते तिथे, एक काळसर ठिपका आला. सूर्य मावळल्यावर निघून, डोक्यावरून टोपी घालून, आम्ही ट्यूनिसला गेलो. ठिपका काढला. तपासणीचा निकाल यायचे दिवस नझीहाने उपास धरला, कुणी सांगितला नव्हता तरी. निकाल चांगला आला. डॉक्टर म्हणाले, या वेळी. ते नेहमी तेवढंच म्हणतात.

नझीहा अजून दुपारी झोपत नाही. वारा शहीलीचा असला की बोळात येरझारा घालते. त्या दाराशी थांबते, हात उचलते, कधी वाजवते, कधी तशीच परतते. दोघींची भांडणं मात्र थांबलेली नाहीत. परवा खालून एवढा आरडाओरडा ऐकू आला की मी सुई टाकून जिन्यावरून धावले. बघते तर युस्रने स्वतःच्या हाताने केस कापले होते, एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत, आणि नझीहा कपाळावर हात मारून विचारत होती, आता हिला सून म्हणून पदरात घेणार कोण.